पुडीच्या कागदावरचं घर

मे महिना लागला की मला नीट झोप येत नाही. उकाड्याचं निमित्त चांगलं आहे, आमच्याकडे कुणालाही पटतं. खरं कारण रस्त्यावरून जातं. या महिन्यात आमच्या सावली गावातून तेंदूपत्त्याचे ट्रक जायला लागतात. ताडपत्रीखाली पोती, आणि ट्रक गेल्यावरही बराच वेळ मागे रेंगाळणारा सुकल्या पानांचा कडवट वास. एखादा ट्रक आमच्या घरासमोर नुसता हळू झाला तरी मी अंथरुणात उठून बसते. तो पुढे गेला की मी उठून गॅसचं बटण बघून येते. मी मुळात भित्री आहे, हे मान्य. शाळेत साठ पोरं एका आवाजात गप्प करते, पण घराबाहेर पडताना कुलूप तीनदा ओढून बघते आणि चौथ्यांदा बघायला कोपऱ्यावरून परत येते.

यंदा हा महिना जरा जास्तच अंगावर आला. अम्मीनं माझी जुनी गादी उसवायला काढली. आम्ही पिंजारी. गाद्या-रजया भरायचं काम अब्बांच्या आजोबांपासून चालत आलेलं, त्यामुळे दुसऱ्यांच्या गाद्या वेळेवर आणि घरच्या गाद्या दहा-बारा वर्षांनी, हा नियम. अब्बांनी पायाकडची शिवण उसवली, दडपून घट्ट झालेला कापूस ओढून काढला आणि त्या कापसाबरोबर एक करड्या रंगाची, तळहाताएवढी प्लास्टिकची वडी बाहेर पडली. टीव्हीवरच्या गेमची कॅसेट. अब्बांनी ती उचलली, फुंकर मारली आणि माझ्यापुढे धरली.

"हे घे. तुयी हाय."

एवढंच. ती गादीत कशी गेली, कुणी घातली, काही नाही. पुन्हा उसवायला लागले. मी मात्र ती हातात धरून तशीच उभी राहिले. अब्बा विचारत नाहीत, हीच माझी इतक्या वर्षांची काळजी आहे.

त्या कॅसेटचं मशीन माझ्या मामूंनी जेद्दाहून आणलं होतं. मामू तिकडे गाडी चालवत. माझी नववीची परीक्षा नुकतीच संपली होती आणि 'मुलगी हुशार आहे, तिच्यासाठी' म्हणून ते काळं मशीन आणि एकच कॅसेट त्यांनी आमच्या टीव्हीला जोडून दिली. खेळ मूळचा कॉम्प्युटरवरचा, जगभर गाजलेला, हे मला फार पुढे कळलं. ही त्याची टीव्हीच्या मशीनसाठी कातरून बसवलेली आवृत्ती होती. पडद्यावर आपण दिसतच नाही. खाली बंदूक धरलेला एक हात दिसतो, त्याच्यापुढे बोळ, आणि बोळाच्या वळणाआड कोण उभं आहे ते कळायला मार्ग नाही. बाकीच्या खेळांत एक बाहुला असतो, मरतो तो मरतो. इथे जे येतं ते सरळ आपल्या अंगावर येतं.

मशीन लहान, खेळ मोठा. त्यामुळे मावेल तेवढं ठेवलेलं, बाकी काढून टाकलेलं. जमीन नुसती करडी. लांबची भिंत काळोखात विरघळलेली. आणि शत्रूची पाठ कधीही दिसायची नाही. तुम्ही डावीकडून जा, उजवीकडून जा, मागच्या बाजूनं वळसा घालून जा, प्रत्येकजण तुमच्याकडेच तोंड करून उभा. पाठीची चित्रं कॅसेटमध्ये मावली नव्हती, एवढंच कारण. पण पंधराव्या वर्षी ते कोण सांगणार? मला वाटायचं, मी येणार हे यांना आधीच ठाऊक आहे.

काही खोल्याही गाळल्या होत्या. दुसऱ्या टप्प्याच्या शेवटी एका भिंतीत दार होतं, चौकट, कडी, सगळं. ते उघडायचं नाही. मी सगळ्या किल्ल्या लावून पाहिल्या, भिंतीला खेटून चालले, गोळ्या झाडल्या. दार ढिम्म. आणि सगळ्यात मोठी गैरसोय म्हणजे खेळ सोडला तिथून पुन्हा सुरू करता येत नसे. दर वेळी पहिल्या बोळापासून सुरुवात. सावलीत उन्हाळ्यात लाईन दिवसातून किती वेळा जायची ते मोजण्यात अर्थ नव्हता. चार वाजता जाणार हे तर ठरलेलंच. म्हणून दुपारी कूलरच्या ओल्या वाऱ्यात, पडदे ओढून, घाम पुसत मी धावपळीत खेळायची, आणि वेळ वाचावा म्हणून मी टप्प्यांचे नकाशे काढले.

दुसऱ्या टप्प्याचा नकाशा सगळ्यात चांगला जमला होता. चित्रकलेच्या वहीचा जाड कागद, पट्टीनं मारलेल्या रेघा. दारातून आत, मग उजवीकडे वळण, लगेच डावीकडे वळण, एक लहान खोली, एक पायरी, मग लांब खोली. जिथे नेहमी एक एक शत्रू उभा असतो तिथे फुल्या मारल्या होत्या, लांब खोलीत चार. बाकी शब्दांत लिहिलं होतं. लहान खोलीत 'इथे तिघे.' पायरीपाशी 'हळू.' कोनाड्यात 'लाल किल्ली.' किल्ली उचलली की पाठीमागची भिंत सरकायची आणि एकजण चाल करून यायचा, म्हणून तिथे 'मागून येतो.' आणि शेवटच्या भिंतीवर 'दार उघडत नाही.' ही वाक्यं मला आजही अशी पाठ आहेत, कारण पुढे आठ दिवस मी दुसरं काही आठवलंच नाही.

उन्हाळ्यात रजया कोण भरून घेणार? म्हणून अब्बा मे महिन्यात तेंदूच्या ठेकेदाराकडे मुन्शी म्हणून जात. वैनगंगा ओलांडून, आलापल्लीवरून, एटापल्लीच्याही पुढे, सूरजागडचा डोंगर दिसतो त्या बाजूच्या एका गावाला त्यांची फडी असायची. फडी म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान, जिथे तोडलेली पानं जमा होतात. पहाटे बायामाणसं जंगलात जाऊन पानं तोडत, दुपारी घरात बसून सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधत आणि दिवस कलला की फडीवर आणून देत. अब्बा मोजून घेत, उन्हात रांगेनं मांडत, पलटवत. पाऊस आला की पळापळ. हे काम त्यांना मनापासून आवडे. जंगलातून परत आले की महिनाभर बोलताना मधेच गोंडी शब्द यायचे आणि त्यांच्या सदऱ्याला तो कडवट वास असायचा. येताना तेंदूची पिवळी फळं, टेंभरं, पिशवीभर आणत, ती खाऊन माझे ओठ चिकट होत.

पण त्या काळात तिकडच्या जंगलात दोन बाजूंची माणसं हत्यारं घेऊन फिरत, आणि मधल्या माणसानं दोघांनाही भिऊन राहावं अशी रीत होती. मुन्शीनं जवळ काय ठेवू नये हे अब्बांना तोंडपाठ होतं. हिरवा कपडा नको, बॅटरी मोठी नको, आणि लिहिलेला कागद तर नकोच. कोणाच्या हाती लागेल आणि तो त्यात काय वाचेल, याचा भरवसा नव्हता. म्हणून ते घरी चिठ्ठी पाठवत नसत. दर आठवड्याला ठेकेदाराचा ट्रक फडीवरची पोती घेऊन मूल गावच्या गोदामाकडे जाई, त्याच्या ड्रायव्हरच्या हाती ते पानांचा एक पुडा पाठवत. इतर पुडे सालीच्या दोरीनं कसेही बांधलेले असत. अब्बांच्या पुड्याला गादीच्या टाक्याची दुहेरी गाठ असे. ती गाठ बघितली की अम्मी पुडा कपाळाला लावून फळीवर ठेवी. म्हणजे सगळं ठीक आहे. परतीच्या फेरीला त्याच ट्रकमधून आम्ही अब्बांचं सामान पाठवायचो. त्यात मुख्य म्हणजे गोळ्या. कापसाच्या धुळीनं अब्बांना दमा जडला होता आणि डॉक्टर एका वेळी आठवड्याच्याच देत.

तर त्या दिवशी सव्वातीन वाजता बाहेर भोंगा वाजला. राजन्ना आला होता. हा सिरोंचाकडचा ड्रायव्हर, मोठा भला माणूस, पण गाडी बंद करायचा नाही. अम्मी चुलीपाशी होती, हात पिठात.

"पुडी बांध व लवकर," ती आतून ओरडली. "गोळ्या अन् चिवडा एकातच बांध. जाड कागद घे, तेल फुटते चिवड्याचं."

मी तेव्हा लांब खोलीत होते. चार फुल्यांवरचे तीन शत्रू मारले होते. लाईन जायला पाऊण तास राहिला होता. मी खेळ थांबवून उठले, हाताला आला तो जाड कागद घेतला, चिवड्याची पिशवी आणि गोळ्या त्यात गुंडाळल्या, सुतळी मारली, धावत जाऊन राजन्नाच्या हातात दिली आणि धावत परत आले. परत आले तेव्हा चौथी फुली कुठे होती ते बघायला खाली हात घातला, तर नकाशा नव्हता.

तेव्हाच सांगायला हवं होतं. ट्रक फार तर नदीच्या पुलापर्यंत गेला असेल. कुणाची तरी मोटरसायकल पाठवता आली असती. पण मला वाटलं, खेळाचा कागद आहे, अब्बा चुलीत टाकतील. आणि दुसरं, अम्मी रागावेल असंही वाटलं. ही दुसरी गोष्ट मी स्वतःशीसुद्धा फार उशिरा कबूल केली. ज्या घरातून खुशालीची चिठ्ठी जात नसे, त्या घरातून मी फुल्या मारलेला नकाशा पाठवला होता.

सात दिवसांनी राजन्ना आला. या वेळी त्यानं गाडी बंद केली. तेवढ्यावरूनच अम्मी उठून उभी राहिली.

"बाई, मुन्शीजी फडीवर नाई," तो दारातूनच म्हणाला. "चार दिवस होऊन राह्यले. पानं तशीच पडून हाय, पलटवाले कोणी नाई."

"नाई म्हणजे? कुठी गेले?"

"नेलं म्हणते गाववाले. विचारपूस कराले. पुडीत कागद भेटला म्हणते, नकाशा."

"कसला नकाशा? चिवडा होता त्याच्यात." अम्मी माझ्याकडे वळली. "काय व, कोणता कागद घेतला होता तू?"

"शाळेचा," मी म्हणाले.

खोटं नव्हतं ते. चित्रकलेच्या वहीचाच कागद होता. पण त्यावर काय काढलं होतं ते मी सांगितलं नाही. कोणी नेलं, कोणत्या बाजूनं, हे राजन्नानं सांगितलं नाही. माहीत असून बोलला नसेल तर तो शहाणा म्हणायचा. फळीवर मागच्या आठवड्याचा पुडा होता, त्याच्याशेजारी ठेवायला या आठवड्यात पुडा नव्हता.

त्यानंतरच्या आठ दिवसांत मी काय केलं ते सांगायची लाज वाटते, पण लिहायला बसले आहे तर लिहिते. पहिल्या दिवशी बाकीच्या टप्प्यांचे उरलेले दोन नकाशे चुलीत घातले. दुसऱ्या दिवसापासून मी खेळायला लागले. मी मनाशी पैज लावली होती, की दुसरा टप्पा एकही गोळी न लागता पार केला तर अब्बा येतील. रोज बसायची. हात घामानं निसटायचे. पायरीपर्यंत नीट जायची आणि मग वळणावर कुणीतरी तोंड करून उभा असायचाच. लाल रंग पडद्यावर पसरला की मी मशीन बंद करून पुन्हा सुरू करायची. अम्मीला वाटलं पोरगी दगड झाली आहे. शेजारच्या बाया येऊन बसत, अम्मीला पाणी देत आणि माझ्याकडे बघत. बाजारात गेलं तरी तेच. किराणावाला, कंपाउंडर, मशिदीच्या पायरीवरची माणसं, सगळ्यांची तोंडं आमच्याकडे. त्या आठवड्यात मी कुणाची पाठ पाहिली असेल तर आठवत नाही.

आणि गोळ्या. त्या गोळ्यांचा विचार दिवसातून शंभरदा यायचा. पुडी त्यांनी घेतली असेल तर गोळ्याही गेल्या. दमा उठला की अब्बा भिंतीला हात लावून उभे राहत. तिथे भिंत असेल का?

सहाव्या दिवशी मला त्या खेळाची किळस आली. कॅसेट काढली. फेकायचा धीर झाला नाही, कारण फेकलेली वस्तू कुणाच्या तरी हाती लागते हे मी नुकतंच शिकले होते. दुकानाच्या खोलीत माझ्या गादीसाठी पिंजून ठेवलेल्या कापसाचा ढीग होता. त्यात हात कोपरापर्यंत खुपसून मी ती आत सोडली.

आठव्या दिवशी दुपारी ट्रक घरासमोर थांबला. अब्बा वर पोत्यांवर बसलेले होते. दाढी वाढलेली, अंगावर दुसऱ्याच कुणाचा तरी सदरा, तो त्यांना आखूड होत होता. खाली उतरले, अम्मीला म्हणाले, "पाणी दे." तांब्याभर पाणी प्याले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "चिवडा चांगला झाला होता. त्याईलेही आवडला."

अम्मी हसली आणि मग रडायला लागली. मी वाट बघत राहिले. आता विचारतील, जेवण झाल्यावर विचारतील, अम्मी बाहेर गेली की विचारतील. दुसऱ्या दिवशी ते माझी गादी भरायला बसले. मी दाराआडून बघत होते. त्यांचा हात त्याच ढिगात जात होता, पण गादी भरून झाली, शिवून झाली, टाके पडले आणि त्यांनी ती उचलून माझ्या खाटेवर टाकली. मी तिच्यावर दहावीचा अभ्यास केला, बारावीचा केला. अब्बा पुन्हा कधी फडीवर गेले नाहीत. कुणी विचारलं तर "कापूस पुरते मले" म्हणत.

मी नंतर चंद्रपूरला शिकत होते तेव्हा कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मुलांनी हाच खेळ टाकला. मी मागे उभी राहून बघितलं. तेच बोळ, तोच हात, पण दुसरा टप्पा भलताच. वळणं वेगळी, खोल्या मोठ्या, शत्रूंना पाठी होत्या. शेवटच्या भिंतीतलं ते दार तिथे नुसत्या धक्क्यानं उघडलं आणि पलीकडे अंगण निघालं, वर आभाळ. मला त्या क्षणी इतकं परकं वाटलं की मी तास बुडवून हॉस्टेलवर गेले. वाटलं, आपल्याला नीट आठवतच नाही. जी गोष्ट आयुष्यभर जाळते तिचा नकाशासुद्धा आपण चुकीचा धरून बसलो आहोत.

मधे अब्बांनी घर बांधलं. जुनं भाड्याचं सोडून मूल रोडला स्वतःचं. मी तेव्हा डी.एड.ला होते, सुट्टीत आले की बांधकाम बघायची. मिस्त्री अब्बांवर वैतागलेला असायचा.

"चाचा, बोळ सरळ काढू द्या ना जी. हे दोन दोन वळणं काऊन पायजे? जागा वाया जाऊन राह्यली."

"असंच ठेव गा."

"अन् इथी पायरी? पडते ना माणूस."

"हळू चालन."

मागच्या भिंतीत अब्बांनी एक चौकट बसवून घेतली, दारही लावलं, आणि त्याच्या पलीकडे वीट. मिस्त्रीनं हात जोडले. अम्मी म्हणाली, म्हातारपणी माणूस सटकतो असं ऐकलं होतं, हे लवकरच सुरू झालं. आम्ही हसलो आणि राहायला आलो. त्या घरात मला एक विचित्र सवय लागली. पहिल्या वळणावर मी थांबते. पाणी आणायला जात असेन, दूध घ्यायला जात असेन, क्षणभर थांबते आणि मग वळते. मी मुळातच भित्री, म्हणून मी त्याचा कधी विचार केला नाही.

आता ही कॅसेट निघाली. दोन दिवस ती मी उशाशी घेऊन झोपले. रविवारी अम्मी बहिणीकडे गेली तेव्हा पेटीतून मामूंचं मशीन काढलं. कापसाच्या खोलीत जुना टीव्ही आहे, अब्बा त्यावर बातम्या ऐकत काम करतात. त्याला जोडलं. कॅसेटच्या तोंडाशी कापसाचे तंतू अडकले होते, ते सुईनं काढले. पहिल्यांदा नुसत्या पट्ट्या आल्या. दुसऱ्यांदा ते संगीत वाजलं आणि माझ्या हातांना घाम सुटला, इतक्या वर्षांनी, तसाच.

चित्र किती गरीब आहे, हे आता दिसलं. करडी जमीन, मळक्या भिंती, दोन पावलांवर काळोख. पहिला टप्पा पार केला. दुसरा सुरू झाला. दारातून आत. उजवीकडे वळण, लगेच डावीकडे. मी थांबले. नेहमीसारखी. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी रोज सकाळी दूध घेऊन इथूनच येते.

"आता लहान खोली," मागून आवाज आला.

अब्बा दारात उभे होते. हातात सुई, कानावर दोरा. ते येऊन कापसाच्या ढिगावर बसले. पडद्याकडे बघत म्हणाले, "मग पायरी. मग लांब खोली, चार खांब. डाव्या हाताले कोनाडा, तिथी किल्ली."

"अब्बा."

"अन् मागं दार. ते नाई उघडत."

माझ्या हातातून खेळ निसटला होता. पडद्यावर कुणीतरी मला मारलं, पडदा लाल झाला, मी बघितलंसुद्धा नाही. "अब्बा, तो कागद माझा होता," मी म्हणाले. बारा वर्षं तयार केलेलं वाक्य, एवढंच निघालं.

"अक्षर तुयं होतं," ते म्हणाले. "बापाले नाई समजणार?"

मग ते सांगत गेले, गादीचे टाके घालताना बोलतात तसे, मधे मधे थांबून. नेणारी माणसं त्यांना रोज विचारत, हे काय आहे. अब्बांनी सांगितलं, माझं घर आहे, बांधायचं आहे. फुल्या म्हणजे खांब. 'इथे तिघे' म्हणजे मी, माझी बायको, माझी पोर, तिघांची झोपायची खोली. 'हळू' म्हणजे पायरी आहे, बायको पडते. लाल किल्लीचा कोनाडा, तिथे किल्ल्या टांगायच्या. "सकाळी विचारे, दुपारी विचारे, येगयेगळा माणूस विचारे. एक भिंत इकडची तिकडं झाली असती त मी गेलो असतो. मंग मी डोळे मिटून त्या घरात फिराले लागलो. दिवसभर. इतके खेप फिरलो का मलेच ते घर आवडाले लागलं."

"पण खरं काऊन नाई सांगितलं? पोरीचा खेळ आहे म्हणून?"

"सांगितलं असतं त विचारलं असतं, कोणती पोर, कुठी राहते." त्यांनी सुई सदऱ्याला टोचली. "तो रस्ता मले घरापर्यंत नव्हता आणाचा."

मी मशीनवर हात ठेवला. मग मला कॅसेटची आठवण झाली. "अन् ही? ही तुम्हाला गादी भरताना..."

"कापसात सरकी राह्यली त हाताले लागते, बेटा. एवढी मोठी नाई लागणार? तू लपवली होती ना. मंग राहू दिली."

"आणि ते दार? ते काय म्हणून सांगितलंत?"

"पोरीची खोली. मोठी झाली का बांधीन म्हटलं, आता फक्त दार ठेवलं." ते जरा हसले. "सगळ्याचं उत्तर देता आलं. एकच जमलं नाई. 'मागून येतो' लिवलं होतं तू. मी म्हटलं, वारा येते मागून. त्याईले पटलं. मले नाई पटलं. अजून जंगलाकडं गेलो का मागं पाहतो. काय येते व मागून?"

मी खेळ पुन्हा सुरू केला. बोळ, दोन वळणं, लहान खोली, पायरी. चार फुल्या एकामागून एक. अब्बा ढिगावरून उतरून माझ्या मागे येऊन बसले होते. कोनाड्यातली किल्ली उचलली. पाठीमागे भिंत सरकल्याचा घरघर आवाज आला. "आता बघा," मी म्हणाले आणि खेळात मागे वळले.

तो आला, नेहमीसारखा तोंड आमच्याकडे करून, पडदा भरून. त्याच क्षणी अब्बांनी माझा दंड धरून मला मागे ओढलं आणि स्वतः पुढे सरकले. मी त्यांच्या पाठीशी जाऊन आदळले. सदऱ्याला कापसाचा वास होता. टीव्हीत काय झालं ते मला दिसलं नाही, समोर फक्त त्यांची पाठ होती.